अपस्मार आणि जनुकं : घराण्यातून नेमकं काय येतं?

मेंदूविकारतज्ज्ञांच्या खोलीत दोन प्रश्न सतत विचारले जातात. पहिला लहान मुलाला घेऊन आलेल्या आईवडिलांचा : "आमच्या दोन्ही घरांत कुणालाच फिट येत नाहीत, मग ह्याला कुठून आलं?" दुसरा बहुधा आवाज खाली आणून विचारलेला : "हिचं लग्न ठरतंय. पुढे हिच्या मुलांना होईल का?" दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच असते : अपस्मार एक तर घराण्यातून सरळ चालत येतो, नाही तर त्याचा घराण्याशी काहीच संबंध नसतो. खरी गोष्ट या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे आणि गेल्या तीस वर्षांत ती बरीच उलगडली आहे. ती सावकाश समजून घेण्यासारखी आहे, कारण कोणती गोळी द्यायची इथपासून कुणाचं लग्न मोडायचं की नाही इथपर्यंतचे निर्णय तिच्यावर ठरतात.

सुरुवात झटक्यापासून करू. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. शांत असलेल्या चेतापेशीच्या आत, बाहेरच्या तुलनेत, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब असतो. पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांच्या सूक्ष्म नळ्या असतात. त्यांना आयन वाहिन्या म्हणतात. सोडियमची वाहिनी उघडली की बाहेरचं सोडियम आत शिरतं, दाब क्षणात उलटतो आणि विजेचा एक स्पंद निघतो. पाठोपाठ पोटॅशियमची वाहिनी उघडते, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा शांत होते. हे सगळं एक-दोन सहस्रांश सेकंदांत उरकतं. स्पंद पेशीच्या टोकाला पोचला की तिथून एक रसायन सुटतं. ते ग्लुटामेट असेल तर पुढची पेशी चेतवली जाते, गाबा असेल तर ती दबते. चेतवणाऱ्या पेशी संख्येने जास्त, दाबणाऱ्या थोड्या. पण त्या थोड्या पेशींच्या जोरावरच मेंदूचं काम शिस्तीत चालतं. हा तोल सुटला आणि हजारो पेशी एका तालात स्पंद सोडू लागल्या, की झटका येतो. तो मेंदूच्या एका कोपऱ्यात राहिला तर एखादा हात थरथरतो, विचित्र वास येतो किंवा माणूस काही क्षण शून्यात बघत राहतो. सगळ्या मेंदूत पसरला तर शुद्ध हरपते, अंग ताठ होतं, हातपाय झडू लागतात.

असा झटका कुणालाही येऊ शकतो. रक्तातली साखर फार उतरली, सोडियम घसरलं, जुन्या दारूड्याची दारू एकदम बंद झाली, तर आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसालाही ती येते. त्याला अपस्मार म्हणत नाहीत. असं तात्कालिक कारण नसताना, २४ तासांहून जास्त अंतराने दोन झटके आले, किंवा एकाच झटक्यानंतर पुढचा येण्याची शक्यता तपासण्यांवरून फार मोठी दिसली, तर निदान अपस्माराचं होतं. म्हणजे प्रत्येक मेंदूला झटक्याचा एक उंबरठा आहे. कुणाचा उंच, कुणाचा बुटका. तो किती उंच असावा हे ठरवण्यात जनुकांचा मोठा वाटा असतो, कारण त्या वाहिन्या, ती रसायनं, ती रसायनं टिपणारी प्रथिनं, सगळी जनुकांतल्या मजकुरावरून बनतात.

आपल्याकडचंच उदाहरण बघा. भारतात फिट येण्याचं एक मोठं कारण आहे मेंदूत शिरलेली फीतकृमीची अळी, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस. या कृमीची अंडी अस्वच्छ पाण्यातून आणि नीट न धुतलेल्या भाजीपाल्यातून पोटात जातात, त्यामुळे जन्मभर शाकाहारी असलेल्यांनाही हा आजार होतो. पण मेंदूत अळीची गाठ असलेल्या प्रत्येकाला फिट येत नाही. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की शरीराला जंतूंची वर्दी देणाऱ्या टीएलआर-४ या प्रथिनाच्या जनुकातले काही फरक, अळी असून त्रास होणाऱ्या रुग्णांत जास्त आढळतात. बाहेरून आलेल्या आजारातही आतल्या जनुकांचा असा हात असतो. डोक्याला मार, जन्मावेळी कमी पडलेला प्राणवायू, पक्षाघात, मेंदूज्वर, यांतलं एकच कारण दोन माणसांत वेगळा परिणाम करतं ते काही अंशी यामुळेच.

हा हात किती मोठा, हे आधी जुळ्यांच्या अभ्यासातून कळलं. अमेरिकेत विल्यम लेनॉक्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला अपस्मार असलेली जुळी तपासली. एकाच बीजापासून झालेल्या, जनुकांनी सारख्या जुळ्यांत दोघांनाही अपस्मार असण्याचं प्रमाण वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. पुढे सॅम्युएल बर्कोव्हिक यांच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासानेही तेच सांगितलं. मात्र सारख्या जुळ्यांतही काही जोड्यांत एकालाच अपस्मार असतो. जनुकं तंतोतंत सारखी असूनही एकाचा मेंदू झटक्यापासून दूर राहतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आणि सख्ख्या नात्यांत काय? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गावाच्या नोंदी अनेक दशकं काळजीपूर्वक ठेवल्या गेल्या आहेत. २०१४ मध्ये त्यांवरून निघालेला हिशेब असा : अपस्मार असलेल्या माणसाचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्यापैकी वयाच्या चाळिशीपर्यंत ४.७ टक्क्यांना अपस्मार झाला. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा हे प्रमाण ३.३ पट आहे. "तिप्पट धोका" हे शब्द ऐकून छाती दडपते. पण शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक सख्ख्या नातेवाइकांना काहीही झालं नाही, हाही त्याच आकड्याचा अर्थ आहे. मुलगी सांगून आलेल्या घरात हा दुसरा अर्थ कुणी समजावून देत नाही.

एका जनुकातल्या एका बदलाने अपस्मार होतो, हे प्रथम १९९५ मध्ये सिद्ध झालं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या कुटुंबात पिढ्यान् पिढ्या अनेकांना रात्री झोपेत झटके येत. असे झटके पुष्कळदा वाईट स्वप्नं किंवा मानसिक विकार म्हणून सोडून दिले जातात. त्या कुटुंबात विसाव्या गुणसूत्रावरच्या, चेतापेशीवरच्या एका ग्राही प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला. त्यानंतर एकामागून एक जनुकं हाती लागत गेली. आज अशा एकेरी कारणांची संख्या शेकड्यांत आहे. त्यातलं एक जनुक इतकं बोलकं आहे, की त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं.

फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या डॉक्टर शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ मध्ये बालवयातल्या एका गंभीर अपस्माराचं वर्णन केलं. बाळ अगदी निरोगी जन्मतं. साधारण सहा महिन्यांच्या आसपास ताप येतो आणि त्यात पहिली फिट येते. बरेचदा शरीराच्या एकाच बाजूची आणि लांबलेली, कधी अर्धा तास चालणारी. मग दर तापात फिट, पुढे तापाशिवायही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बोलणं, चालणं, शिकणं मागे पडू लागतं. २००१ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या गटाने अशा सात मुलांची तपासणी केली. सातही जणांत एससीएन-१ए या एकाच जनुकात बिघाड होता, आणि सातांपैकी एकाच्याही आईत किंवा वडिलांत तो नव्हता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. आपल्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. बीजपेशी तयार होताना एवढा मजकूर नव्याने उतरवला जातो आणि त्यात चुका राहतात. प्रत्येक नवजात बाळात आईवडिलांकडे नसलेले साधारण साठ-सत्तर नवे बदल असतात. तुमच्यात आहेत, माझ्यातही आहेत. बहुतेक निरुपद्रवी जागी पडतात. एखादा एससीएन-१एमध्ये पडला तर द्राव्हे संलक्षण होतं. त्यात आईने गरोदरपणात काही केलं किंवा केलं नाही, असा भाग नसतो. सासरच्यांनी सुनेच्या माहेराकडे बोट दाखवण्याचंही कारण नसतं. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. थोड्या कुटुंबांत हा बदल आईच्या किंवा वडिलांच्या काही मोजक्या पेशींत लपलेला असतो आणि साध्या तपासणीत दिसत नाही. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटावं.

एससीएन-१ए हे सोडियम वाहिनीचं जनुक. त्याच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली तर सोडियम वाहिन्या कमी पडतात. वाहिन्या कमी म्हणजे स्पंद कमी, मग फिट कमी व्हायला हव्यात. इथे उलट का घडतं? याचं उत्तर २००६ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवरच्या अभ्यासातून मिळालं. ही विशिष्ट वाहिनी मुख्यतः दाबणाऱ्या, गाबा सोडणाऱ्या पेशींच्या कामाची आहे. ती कमी पडली की आधी ब्रेक लागेनासे होतात. चेतवणाऱ्या पेशी मग मोकाट सुटतात. फिटच्या नेहमीच्या अनेक गोळ्या, म्हणजे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, सोडियम वाहिन्या अडवूनच काम करतात. इतर अनेक रुग्णांना त्या गुणकारी ठरतात. द्राव्हेच्या बाळाला दिल्या तर उरलेसुरले ब्रेकही निकामी होतात आणि फिट वाढतात. या मुलांना व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेंटॉल अशी वेगळ्या वाटेने जाणारी औषधं लागतात. जनुकाचं नाव कळल्यावर रोज द्यायची गोळी बदलते, ते असं.

याच जनुकाने एक जुना आरोपही खोटा ठरवला. डांग्या खोकल्याच्या लशीनंतर बाळाला फिट आली आणि मेंदू कायमचा दुखावला, अशी तक्रार जगभर होत असे. २००६ मध्ये बर्कोव्हिक यांच्या गटाने असे १४ रुग्ण तपासले. ११ जणांत एससीएन-१एचा दोष निघाला. लशीच्या तापाने पहिली फिट थोडी लवकर आली असेल, पण आजार बाळ गर्भात आल्यापासूनचा होता. २०१० च्या अभ्यासात हेही दिसलं, की पहिली फिट लशीनंतर लगेच आलेली मुलं आणि एरवी आलेली मुलं यांची पुढची वाटचाल सारखीच होती. लस चुकवून द्राव्हे टळत नाही. गोवर आणि डांग्या खोकला मात्र गाठतात.

आता याच एससीएन-१एचं दुसरं रूप. जनुक पूर्ण निकामी न होता त्याचं एखादं अक्षरच बदललं, तर पुष्कळदा सौम्य आजार होतो आणि तो पिढ्यांतून चालत येतो. इंग्रिड शेफर आणि बर्कोव्हिक यांनी १९९७ मध्ये अशा कुटुंबांचं वर्णन केलं. एकाच घरात आजीला लहानपणी फक्त तापात फिट आलेल्या असतात, वडिलांना काहीच नसतं, काकाला मोठेपणीही गोळ्या घ्याव्या लागतात आणि नातवाचा आजार गंभीर असतो. बदल सगळ्यांत तोच. फरक पडतो तो बाकीच्या जनुकांमुळे, वाढीच्या काळातल्या घडामोडींमुळे आणि काही अंशी निव्वळ योगायोगाने. (तापात फिट येणाऱ्या बहुसंख्य मुलांना पुढे अपस्मार होत नाही, हे इथे सांगून ठेवतो, वाचून कुणी घाबरू नये.)

मात्र गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांत असा एक दोषी सापडत नाही. पौगंडावस्थेत सुरू होणारा एक नेहमीचा अपस्मार घ्या : सकाळी उठल्यावर हात उडतात, हातातला चहाचा कप किंवा ब्रश निसटतो, आणि परीक्षेसाठी रात्र जागवली की मोठी फिट येते. यामागे शेकडो सामान्य फरकांची बेरीज असते. त्यातला एकेक फरक लाखो निरोगी लोकांतही असतो. उंबरठा तो किंचितसाच खाली आणतो. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेच्या संशोधनगटाने २०२३ मध्ये २९,९४४ रुग्ण आणि ५२,५३८ इतर माणसं यांची जनुकं ताडून पाहिली. गुणसूत्रांवर २६ जागा सापडल्या, त्यांतल्या १९ संपूर्ण मेंदूत सुरू होणाऱ्या अपस्माराशी निगडित. पण या जागा मोजून तुमच्या मुलाला फिट येईल की नाही, हे आज कुणीही सांगू शकत नाही. शिवाय तपासलेले लोक बहुतांश युरोपीय वंशाचे. "जनुकं पाहून भविष्य सांगतो" म्हणणाऱ्या जाहिरातींना यासाठी पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात एक विलक्षण अपस्मार आहे : गरम पाण्याचा. तांब्या-तांब्याने कढत पाणी डोक्यावर भराभर ओतून आंघोळ करताना काही जणांना फिट येते. जपान, तुर्कस्तानातही असे रुग्ण सापडले, पण दक्षिण कर्नाटकाइतके कुठे नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्समधले डॉ. पी. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये २७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुष जास्त, आणि काही घरांत एकाहून अधिक जणांना त्रास. पुढे बंगळुरूच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अशा कुटुंबांतून दहाव्या आणि चौथ्या गुणसूत्रावरच्या दोन जागा दाखवल्या गेल्या. प्रवृत्ती जनुकांतून येते, पण झटका त्या विशिष्ट सवयीने पेटतो. म्हणून पहिला उपाय न्हाणीघरातलाच : पाणी कोमट करायचं, डोक्यावरून ओतायचं नाही. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर आंघोळीच्या आधी घ्यायला क्लोबाझाम देतात. काही जणांना पुढे आंघोळीशिवायही फिट येतात, त्यांना नियमित औषध लागतं.

नात्यातल्या लग्नांचा मुद्दा थोडक्यात. लाफोरा आजारासारखे काही दुर्मिळ, वाढत जाणारे अपस्मार आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच होतात. मामेबहिणीशी किंवा भाचीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत तशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. घरात असं एखादं मूल असेल तर नात्यातलं पुढचं लग्न ठरवण्याआधी सल्ला घ्यावा.

फिट येण्यात जसा जनुकांचा हात आहे, तसाच गोळी सोसण्यातही. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन संलक्षण झालेले ४४ रुग्ण तपासले. या विकारात अंगावरची कातडी आणि तोंडा-डोळ्यांचं अस्तर सोलून निघतं, जीवही जातो. ४४ च्या ४४ जणांत प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए-बी १५:०२ हा एकच जनुकप्रकार होता. भारतीय रुग्णांच्या २००९ मधल्या छोट्या अभ्यासात ८ पैकी ६ जणांत तो निघाला. आशियाई वंशाच्या रुग्णाला ही गोळी सुरू करण्याआधी चाचणी करावी, असं अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००७ पासून सांगितलं आहे. आपल्याकडे गोळी स्वस्त आहे, सर्रास दिली जाते, आणि चाचणी क्वचितच होते. निदान एवढं लक्षात ठेवा : फिटची नवी गोळी सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि ताप असं काही दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फेनिटॉइनचंही थोडं असंच. यकृतातलं सीवायपी-२सी-९ हे विकर काहींत मंद असतं; त्यांना नेहमीचा डोसही जास्त होतो, चक्कर येते, चाल डळमळते, एकाच्या दोन वस्तू दिसतात.

जनुकीय तपासणी सगळ्यांनी करून घ्यायची गरज नाही. पहिल्या वर्षातच फिट सुरू झाल्या, मूल मागे पडतंय, दोन-तीन औषधांनी फरक नाही आणि एमआरआयमध्ये कारण दिसत नाही, तिथे ती जरूर करावी. जीवनसत्त्व ब-६ वर अवलंबून असलेला अपस्मार त्या एका जीवनसत्त्वाने आटोक्यात येतो आणि ते गावच्या दुकानातही मिळतं. मेंदूत साखर नेणारं ग्लूट-१ हे प्रथिन कमी असलेल्या मुलांना तूप-तेल-लोण्याचा, पिष्ट पदार्थ जवळपास नसलेला किटोजेनिक आहार औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतो. अशी मुलं वर्षानुवर्षं नुसत्या गोळ्यांवर राहतात तेव्हा वाईट वाटतं. तपासणीच्या अहवालात "अर्थ अनिश्चित" असा शेरा आला तर तो दोष समजून घाबरू नये. भारतीय जनुकांची नोंद वाढत जाईल तसे असे शेरे निकाली निघतील.

राहिला लग्नाचा प्रश्न. अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुलं होतात. गर्भाला जनुकांपेक्षा मोठा धोका कित्येकदा गोळीचा असतो : गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. म्हणून गोळी मनाने बंद न करता, लग्न ठरतानाच डॉक्टरांकडून ती बदलून घ्यावी आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावं. लपवून लग्न केलं की मुलगी सासरी गोळ्या चोरून घेते, मग चुकवते, आणि फिट येतेच. म्हणून दोन्ही घरांनी आधीच मोकळेपणाने बोलावं. कायदा आता आड येत नाही. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार फिट येणाऱ्या व्यक्तीला लग्नासाठी अपात्र धरणारी तरतूद होती. १९९९ मध्ये संसदेने दोन्ही कायद्यांतून अपस्माराचा उल्लेख काढून टाकला.